यमुनीची भावली, पाहायले देली

मोठीमाय गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी झाली होती, मी डबा उघडून पहिला घास घेणार, तेवढ्यात बुलढाण्याच्या गाडीवरचा आमच्या देऊळघाटचा हा गृहस्थ तिकिटांची पेटी बगलेत धरून दारात उभा राहिला. चपला बाहेर काढून आला, त्यावरूनच मी काय ते समजले. म्हणाला, "ताई, मोठीमाय पहाटे गेल्या. गाडी अर्ध्या घंट्यानं वापस निघते, जागा धरून ठेवतो." डबा तसाच बंद केला आणि निघाले. नांदुरा, मोताळा, मग घाट... गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी खिडकीतून नुसती रस्ता बघत होते. बुलढाण्याला उतरून दुसरी गाडी धरली. घरी पोचले तेव्हा माणसं नदीवर आंघोळी करून ओल्या धोतरांनी परतत होती. उशीर झाला याचं मला नवल वाटलं नाही. मोठीमायच्या बाबतीत मी जन्मभर उशिराच पोचत आले आहे. आज हे लिहायला बसले, तेही त्यातलंच.

तेरवीला गावातले चार मोठे लोक बोलले. एकूण एक जण म्हणाला, बाई फार सोशिक होती. हा शब्द कानावर पडला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जिचं जितेपणी आपण काही ऐकून घेतलं नाही, तिला मेल्यावर सोशिक म्हणायचं आणि हात धुऊन जेवायला बसायचं! मोठीमाय सोशिक-बिशिक काही नव्हती. बाजारात तिच्या मेथीच्या जुडीला कुणी 'शिळी दिसते' म्हणालं, तर गिऱ्हाइकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळून ती म्हणायची, "तुमी बी कोठी ताजे हा, भाऊ?" शेजारच्या मळेवाल्यानं एकदा आमच्या पाळीचं पाणी आपल्या वांग्यांकडे वळवलं, तर ही बाई भर उन्हात पाण्याच्या दांडातच ठाण मांडून बसली, आणि तो हात जोडेपर्यंत उठली नाही. माझी आई मी तीन वर्षांची असताना वारली. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिनं मला आपल्या यमुनीच्या बरोबरीनं वाढवलं, एका ताटात जेवू घातलं. सातवीनंतर मला शाळेतून काढायचं घरातल्या पुरुषांनी ठरवलं, तेव्हा हिनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. अशा बाईला सोशिक म्हणतात! ती गप्प राहिली फक्त एका बाबतीत. आणि ती बाब माझी होती.

यमुनी मोठीमायची एकुलती एक लेक, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. तिची एक बाहुली होती. आमच्याकडे बाहुलीला भावली म्हणतात, हे पुढच्या सगळ्यासाठी लक्षात ठेवा. वीतभर उंचीची, हलक्या लाकडाची, सुतारानं एकाच तुकड्यातून कोरलेली. हात अंगाला चिकटलेले, खाली पायांच्या जागी नुसता घेर. तोंड पिवळं, लुगडं लाल, डोळे काळेभोर. मोठीमायच्या आईनं ती रोहिणखेडहून लेकीबरोबर सासरी धाडली होती, म्हणजे आमच्या हातात आली तेव्हाच ती म्हातारी झालेली. यमुनी तिला रोज दूध-भात भरवी, त्यामुळे ओठांचा रंग पार उडाला होता. नाकाचा टवका मात्र माझ्यामुळे गेलेला, विहिरीच्या काठावर माझ्याच हातून पडली. यमुनीनं तेव्हा माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मोठीमायच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून भावलीला चोळी शिवली. टाके हे एवढे मोठे! आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही भावलीचं लग्न लावायचो. नवरीकडची यमुनी, नवऱ्याकडची मी. नवरा म्हणजे लाटण्याला फडकं गुंडाळलेलं. दर वर्षी मी वरमाय होऊन रुसायची आणि दर वर्षी यमुनी मला गूळ-शेंगदाणे देऊन मनवायची.

नऊ वर्षांची असताना यमुनीला ताप आला. तो डोक्यात गेला आणि तिसऱ्या दिवशी ती संपली. लहान पोरांना आमच्यात पुरतात. जमलेल्या बायांपैकी कुणीतरी म्हणालं, भावलीही तिच्यासंगं जाऊ द्या, पोरीचा जीव अडकला असेल. मोठीमायनं भावली हिसकून घेतली आणि ओच्यात बांधली. पुढच्या आखजीला घरात पितरांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, रस-पोळीचा निवद दाखवला. लहान मुलाच्या नावानं घागर भरत नाहीत, असं घरातल्या जाणत्यांनी सांगितलं. मोठीमायनं वाद घातला नाही. घागरीपासून हातभर दूर तिनं एक छोटा पाट मांडला, त्यावर भावली बसवली आणि तिच्यापुढं लोटाभर पाणी ठेवलं. कुणी विचारलं, तर म्हणाली, "घागर पितरांची. माही पोट्टी पितर नोहे. आखजीले साऱ्याच्या लेकी माहेरी येतात, तशी थे येते." त्यानंतर घरातलं कुणी त्या पाटाबद्दल अवाक्षर बोललं नाही. सासरहून आलेल्या लेकीबाळी कडुनिंबाला झोके बांधायच्या, आणि घरात मोठीमाय भावलीसमोर बसून, काय वांगी लागली, कोणती गाय व्याली, ते तिला सांगत बसायची. मी दारात उभी राहून ऐकायची. मला त्या भावलीचा हेवा वाटायचा, हे आज सांगायला हरकत नाही.

मॅट्रिक झाल्यावर मास्तरकीच्या ट्रेनिंगला मी पुण्याला गेले. तिथं दोन वर्षांत शिकवायला किती शिकले कोण जाणे, पण आपल्या बोलण्याची लाज वाटून घ्यायला पक्कं शिकले. आमच्याकडे बायाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. वसतिगृहात मी 'येतो' म्हणाले की पोरी इकडे तिकडे बघून विचारायच्या, "अगंबाई, कोण येतो?" 'मले' म्हटलं की हसायच्या, 'का'च्या जागी 'काऊन' म्हटलं की लोळायच्या. वाईट नव्हत्या पोरी, नुसत्या हसायच्या. पण वर्षभरात माझी जीभ अशी काही सरळ झाली की सुट्टीत घरी आले तेव्हा मोठीमाय माझं बोलणं ऐकून म्हणाली, "वच्छे, तू तं रेडिओसारखी बोलून राह्यली व." मला तो गौरवच वाटला.

मी शिकून परत आले, तेव्हा महाराष्ट्र नवा नवा होता. वऱ्हाड आधी मुंबईच्या राज्यात आणि त्याआधी नागपूरच्या, तिथून आम्ही आता मराठी माणसांच्या एका राज्यात आलो होतो. जिथं तिथं सभा व्हायच्या. आपली भाषा एक, आपली माणसं एक, असं व्यासपीठावरून सांगायचे आणि मीही टाळ्या वाजवायची. त्याच हवेत बुलढाण्याच्या एका महिला मंडळानं जुन्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. पुण्याच्या एक बाई बाहुल्या जमवायच्या. त्यांचा मोठा संग्रह होता. तो घेऊन त्या गावोगाव जात होत्या आणि तिथल्या जुन्या बाहुल्याही मांडत होत्या. मुलींच्या शाळेचा हॉल मिळाला. मी नवी मास्तरीण, अक्षर चांगलं, आणि मुख्य म्हणजे बोलणं 'शुद्ध', म्हणून नोंदी लिहायला मला बसवलं. शिवाय आपल्या गावाकडची एखादी जुनी बाहुली मिळते का बघा, असंही सांगितलं. मी चटकन म्हणाले, मिळेल. बाईंसमोर कॉलर ताठ करून म्हणाले.

मोठीमाय सहजी तयार झाली नाही. भावली त्या घराबाहेर कधी गेलीच नव्हती. मी तिला खूप समजावलं. लोक लांबून बघायला येतील, यमुनीची भावली सगळ्या जिल्ह्याला दिसेल, तीन दिवसांनी मी स्वतः आणून पाटावर बसवीन. ती बराच वेळ भाजीच्या जुड्या बांधत राहिली. मग म्हणाली, "यमुनीचं नाव राह्यन तिथं?" मी म्हटलं, राहील. तेवढ्यावर ती कबूल झाली. दुसऱ्या दिवशी भावलीला हिरव्या काठाची ती चोळी नीट घालून, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, भाजीच्या पाटीत मेथीवर ठेवून तिनं बुलढाण्याला आणली.

हॉलच्या दाराशी टेबल होतं. बाई खुर्चीवर, त्यांच्या शेजारी मी, समोर चिठ्ठ्यांचं पुस्तक. प्रत्येक बाहुलीसाठी दोन सारख्या चिठ्ठ्या लिहायच्या, एक बाहुलीपाशी ठेवायची आणि एक देणाऱ्याच्या हातात. मोठीमायनं फडकं सोडलं. बाई अगदी हरखून गेल्या. किती जुनी, किती सुबक, काय तो चेहरा! मोठीमायच्या तोंडावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं. ती टेबलावर वाकली आणि मला म्हणाली, "लेह्य व, वच्छे. यमुनीची भावली, पाहायले देली."

बाईंनी मान वर केली. "काय म्हणाल्या त्या? यमुनीला भावली?" आणि मी काही बोलायच्या आत त्या पलीकडच्या एका कार्यकर्तीला म्हणाल्या, "ऐकलंत? भावली! 'आवडली' नाही म्हणाल्या, 'भावली' म्हणाल्या. किती गोड शब्द आहे यांच्या तोंडी! लिहा हो, तसंच लिहा. 'मुलीला भावली, म्हणून दिली.'"

भावली म्हणजे बाहुली, बाई. एवढंच म्हणायचं होतं. पाचसहा शब्द नाहीत. पण मग त्यांनी विचारलं असतं, म्हणजे तुमच्याकडे असं म्हणतात का? आणि हसल्या असत्या. वसतिगृहातलं ते हसू माझ्या कानात अजून ताजं होतं. मोठीमाय माझ्या तोंडाकडे बघत होती, बाई माझ्या पेनाकडे. मी मूग गिळले आणि लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर, सुवाच्य अक्षरात, मुलीला भावली, म्हणून दिली. 'पाहायले' गळालं, यमुनीचं नाव गळालं, आणि मनाला मी समजावलं की हा नुसता कागद आहे. एक चिठ्ठी मोठीमायच्या हातात दिली. तिनं ती चोळीत ठेवली.

मग मी तिला प्रदर्शन दाखवलं. अर्धा हॉल पुण्याच्या बाहुल्यांनी भरलेला. चिनी मातीच्या निळ्या डोळ्यांच्या विलायती बाहुल्या, आडवं केलं की पापण्या मिटणाऱ्या. मान डोलावणारी एक तंजावरकडची नर्तकी. लाकडी राजा-राणी, लाखेचे रंग चढवलेले. चिंध्यांच्या, मेणाच्या, कागदाच्या लगद्याच्या. एका मोठ्या घराण्यातली हस्तिदंती बाहुली तर काचेच्या पेटीत, तिच्याजवळ जायला मनाई. मोठीमाय प्रत्येकीपाशी थांबायची, पदर सावरायची आणि मला एकच विचारायची, ही कोण्या पोरीची? मी चिठ्ठी वाचायची, 'जर्मन बनावट', 'संग्रहातून', 'एका सरदार घराण्याकडून'. तिचं समाधान होईना. निळ्या डोळ्यांच्या एकीचा हात तुटला होता. मोठीमाय म्हणाली, हात तोडणाऱ्या पोरीनं मार खाल्ला असेल बिचारीनं, नाव तरी लिहायचं तिचं. सगळा हॉल फिरून झाला, शंभराच्या वर बाहुल्या, आणि एकीजवळही कुठल्या मुलीचं नाव नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मास्तरीण असून. तिच्या आलं.

शेवटच्या टेबलावर आमची भावली उभी होती. तिच्या पायाशी माझ्या अक्षरातली चिठ्ठी. मोठीमाय तिच्यापुढं उकिडवी बसली, चोळीची गाठ सारखी केली आणि म्हणाली, "वाच बरं." मी वाचलं. कागदावर होतं ते नाही, तिनं सांगितलं होतं ते. यमुनीची भावली, पाहायले देली. तिनं मान हलवली. माझं हे पहिलं खोटं.

दुसऱ्याच दिवशी शाळेतून बोलावणं आलं आणि मला जळगावला परतावं लागलं. तिसऱ्या दिवशी प्रदर्शन उठलं. मोठीमाय बाजार आटोपून, रिकामी पाटी डोक्यावर घेऊन भावली न्यायला गेली, तेव्हा हॉलमध्ये झाडू मारणं चाललं होतं. बाई सकाळीच पेट्या भरून पुण्याला गेल्या होत्या. हे मला पंधरा दिवसांनी कळलं. मी धावत देऊळघाटला आले. तिनं मला नुसतं विचारलं, "कधी येईन?" मी म्हटलं, पत्र टाकते, येईल. पुण्याला पत्र टाकायला मी बसलेही. पण त्यात काय लिहायचं? तुम्ही समजलात ते चूक होतं आणि ते मला तेव्हाच माहीत होतं, हे लिहायचं? दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा घेतलाच नाही.

पहिली आखजी आली. मी घाबरत घाबरत घरी गेले. मोठीमायनं घागर भरली, मग पाट मांडला. हळदीच्या रिकाम्या डब्यातून ती चिठ्ठी काढली, पाटावर ठेवली, उडू नये म्हणून वर एक कैरी ठेवली. लोटाभर पाणी पुढं ठेवताना थेंब कागदावर पडू नये म्हणून दुसरा हात आड धरला. मग कैरी बाजूला करून चिठ्ठी माझ्याकडे दिली. "वाच व, वच्छे." मी वाचलं, यमुनीची भावली, पाहायले देली. "एवढंच लेह्यलं हाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, एवढंच. "बरं," म्हणून तिनं कागद पुन्हा पाटावर ठेवला.

त्यानंतर दर आखजीला हेच. मी वाचायची, ती विचारायची, मी 'एवढंच' म्हणायची. माणसाला खोट्याची सवय होते म्हणतात, पण मला नाही झाली. आखजीच्या आधी आठ दिवस मी न जाण्याचं निमित्त शोधत राहायची. एका वर्षी तिनं मध्येच विचारलं, "अक्षर तुहंच हाय न?" मी हो म्हटलं. "मोत्यावानी हाय," ती म्हणाली आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं, बिचारीला वाचता येत नाही, नुसती अक्षरं बघते. शहाणपण बघा माझं!

मध्ये एकदा संधी चालून आली होती, तीही मी घालवली. तीनेक वर्षांनी शिक्षकांच्या शिबिरासाठी पुण्याला जाणं झालं. पत्ता काढून मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी ओळखलं, सरबत दिलं, बाहुल्यांच्या खोलीत नेलं. भिंतभर काचेची कपाटं. खालून दुसऱ्या खणात आमची भावली. अंगावर चोळी नव्हती. बाई म्हणाल्या, त्या चिंध्या काढून टाकल्या, आतलं मूळ रंगकाम किती सुरेख निघालं बघा. यमुनीचे ते टाके... पुढं बाई आपणहूनच म्हणाल्या की बुलढाण्याच्या ज्या बायांनी फक्त पाहण्यासाठी म्हणून बाहुल्या दिल्या होत्या, त्यांच्या सगळ्या त्यांनी आठवणीनं परत पोचवल्या. ही तेवढी भेट आली. आणि हिची चिठ्ठी तर इतकी हृद्य की त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतात. बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. मी भांडले असते, हिसकून आणली असती. त्या चांगल्या होत्या. मी तोंड उघडलं असतं, तर त्यांनी त्याच पावली कपाट उघडून भावली माझ्या हातात ठेवली असती, माफी मागून ठेवली असती. मी म्हणाले, "हो ना, छान आहे." सरबत संपवलं आणि बाहेर पडले. मोठीमायला सांगितलं, घर सापडलं नाही.

गेल्या वर्षी आखजीला मी गेलेच नाही. शाळेचं काम निघालं म्हणून कळवलं. काम नव्हतं. मला आणखी एकदा वाचवत नव्हतं, बस.

तेरवी झाली, माणसं पांगली. मी मोठीमायची खोली आवरत होते. हळदीचा डबा उघडला, चिठ्ठी तिथंच, घड्यांवर विरलेली. दारात शकुरनबी येऊन बसली होती. आमच्या घराला भिंत लागून तिचं घर. बुलढाण्याच्या बाजारात दोघी तीस वर्षं एका ओळीत पाट्या मांडून बसल्या. भांडल्याही तिथंच आणि एका शिदोरीत जेवल्याही तिथंच. माझ्या हातातला कागद पाहून ती म्हणाली, "ठेव तूच. तुह्याच हातचा हाय." मग म्हणाली, "तिले मालूम होतं, पोरी."

मला आधी उमजलंच नाही, काय मालूम होतं ते. तिनं सावकाश सांगितलं. प्रदर्शन उठलं त्या दिवशी मोठीमायसोबत ती होती. हॉल रिकामा बघून दोघी शाळेच्या कचेरीत गेल्या आणि चिठ्ठी पुढं केली. कारकुनानं ती मोठ्यानं वाचली. मुलीला भावली, म्हणून दिली. म्हणजे आजी, तुम्ही भेट दिली की, आता कशी परत मिळेल? मोठीमायनं त्याच्याकडून आणखी दोनदा वाचून घेतलं. अक्षर कुणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही. शकुरनबी चिडली होती. इथल्या इथं पुण्याला कागद लिहून घेऊ म्हणाली, कारकूनही तयार होता. मोठीमायनं तिला हात धरून बाहेर आणलं. आणि काय म्हणाली, ते शकुरनबीनं मला शब्दाला शब्द सांगितलं. "थांब. जिनं लेह्यलं थेच सांगन मले. तिच्या तोंडून आयकतो, मंग मांगतो भावली."

मी हातातली चिठ्ठी उलगडली. शकुरनबी बोलतच होती. दरसाल आखजी जवळ आली की मोठीमाय म्हणायची, अवंदा सांगन. तू वाचून गेली की म्हणायची, नाई सांगतलं. पारसाल तू आली नाहीस तं तिनं पाट मांडलाच नाही...

म्हणजे इतकी वर्षं ती मला दर आखजीला वाचायला लावत होती, ते यमुनीसाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. 'एवढंच लेह्यलं हाय?' हा प्रश्न नव्हता, दार उघडून धरलं होतं तिनं. आणि मी दर वर्षी ते पुढून लावून घेत होते. एक पोरगी तिनं तापात घालवली होती, दुसरी तिच्यासमोर बसून खोटं वाचत होती, आणि ही दुसरी खरं बोलेपर्यंत पहिलीची भावलीही मागायची नाही, असं ठरवून बसलेली ही बाई! हिला तुम्ही सोशिक म्हणता? मला तिचा रागही येतो, लपवत नाही. एक थोबाडीत का नाही मारली माझ्या? पाण्याच्या पाळीसाठी दांडात बसणारी बाई, माझ्यापुढंच का अशी गप्प बसली? पण हा रागही माझ्या सोयीचाच आहे, हे मला कळतं. तोंड मला होतं. भाषाही होती, एक सोडून दोन.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या बाईंना पत्र टाकलं. चार ओळींचं. भावली म्हणजे बाहुली, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. जे पत्र मला बारा वर्षं जमलं नाही, ते लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. उत्तर अजून नाही. बाई हयात आहेत की नाहीत, तेही ठाऊक नाही. आणि भावली आली, तरी आता तिच्याशी वांग्यांबद्दल बोलणारं कोण आहे त्या घरात?

परवा आखजी झाली. मी देऊळघाटला गेले. घागर भरली. यंदा त्या पाण्यात मोठीमायही होती. मग हातभर अंतर सोडून तो छोटा पाट मांडला. त्याच्या एका कडेला लोट्याच्या बुडाचे गोल डाग आहेत, एकावर एक, वर्षानुवर्षांचे. मी लोटा त्याच डागावर ठेवला. चिठ्ठी पाटावर ठेवली, वर कैरी ठेवली. शकुरनबी उंबऱ्याशी बसली होती. कैरी बाजूला केली, चिठ्ठी हातात घेतली आणि जशी लिहिली होती तशी वाचली, मोठ्यानं. मुलीला भावली, म्हणून दिली. त्याच्यापुढं, कागदावर नव्हतं तेही म्हटलं, हे मी लेह्यलं, मोठीमाय, आणि मले तवाच मालूम होतं. इतक्या वर्षांत 'मले' माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मग मी सवयीनं थांबले, 'एवढंच लेह्यलं हाय?' कुणी विचारेल म्हणून.